ब्रेडला शेवटचे चार फूट तंगूस: नव्याने गळ टाकणाऱ्यांसाठी

ज्याने लहानपणी पतंग उडवलाय त्याला लीडर समजावून सांगायला दोन वाक्यं पुरतात. अख्ख्या फिरकीवर मांजा कोणी भरत नाही. पतंगाच्या बाजूला, जिथे काटाकाटी होते तिथे मांजा, आणि मागे सद्दी. मासेमारीतही तेच. रिळावर ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन, आणि गळाच्या बाजूला, जिथे दगड, दात आणि बुडालेल्या झाडांची मुळं भेटतात, तिथे चार-पाच फुटांचा वेगळा दोरा. तो तुकडा म्हणजे लीडर.

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर खडवलीला भातसा नदीवर माझी पहिली सकाळ फुकट गेली नसती. नवी रॉड, नवं रीळ, नवीकोरी हिरवी ब्रेडेड लाइन, आणि गळ थेट तिलाच बांधलेला. पहिला बऱ्यापैकी मासा लागला, त्याने कातळाच्या कडेने एक धाव घेतली आणि दोरा हातात मोकळा आला. तुटल्याचा झटकासुद्धा जाणवला नाही. शेजारी एक काका पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घेऊन बसले होते. त्यांनी माझ्या दोऱ्याचं टोक बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, “हा शर्ट शिवायला आणलायस काय रं?” त्यांच्या पिशवीत तोवर चार चिलापी आणि एक वाम होती.

काकांचा टोमणा बरोबर होता, पण अर्धाच. दोरा वाईट नव्हता, जागा चुकली होती.

एक खुलासा करून टाकतो. ब्रेडेड लाइनला सगळेच “ब्रेड” म्हणतात, मीही पुढे तेच म्हणणार आहे. आमिषाला लावायचा तो पाव. घरी “ब्रेड संपलाय” असा मेसेज टाकून मी एकदा घोळ घातलेला आहे.

दोऱ्याचा स्वभाव

ब्रेड म्हणजे पॉलिएथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंचे चार किंवा आठ पदर वेणीसारखे विणून केलेली लाइन. तितक्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ती खूपच बारीक असते, म्हणून लांब फेकता येते. ती जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून माशाने आमिषाला नुसतं नाक लावलं तरी बोटाला कळतं. पाण्यापेक्षा हलकी असल्याने तरंगते.

दोष याच गुणांतून येतात. ताणाखाली असलेली ब्रेड कातळाच्या धारेवर घासली की एकेक तंतू कापला जातो. आपल्याकडच्या नद्यांचा तळ म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड. उल्हास घ्या, काळू घ्या, भातसा घ्या, रेतीचा मऊ तळ अपवादानेच. शिवाय ती गुळगुळीत असते, साधी गाठ तिच्यावर घसरते. आणि ताणली जात नसल्यामुळे माशाचा प्रत्येक झटका थेट गळावर येतो. रोहू-कटल्याचे ओठ मऊ. असा झटका बसला की गळ मांस फाडून निघतो.

तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी लाइन, याच्या उलट. जाड, वीस-पंचवीस टक्के ताणली जाणारी, घासणं सोसणारी, हळूहळू बुडणारी. तिसरा प्रकार फ्लुओरोकार्बन. दिसायला तंगुसासारखाच, पण जड आणि ताठ. नायलॉनपेक्षा झरझर बुडतो, पाणी पीत नाही, दगडाला जास्त टिकतो. प्रकाश ज्या प्रमाणात वळवतो ते प्रमाण पाण्याच्या जवळचं असल्याने तो पाण्यात कमी दिसतो: पाण्याचा आकडा १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास.

इथे माझं मत ऐकून ठेवा. व्हिडिओवाले लीडरचं पहिलं कारण सांगतात, “माशाला दोरा दिसत नाही.” परदेशातल्या काचेसारख्या तलावांत ते खरं असेल. पावसाळ्यानंतर आपल्या नद्यांत गुडघ्याएवढ्या पाण्यात स्वतःची बोटं दिसत नाहीत. इथे लीडर लावायचा तो घासण्यासाठी, झटका पिण्यासाठी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुटायचंच झालं तर कुठे तुटावं हे आपण ठरवण्यासाठी. लीडर ब्रेडपेक्षा कमी ताकदीचा ठेवला की अडकलेला गळ जातो आणि दोन-चार फूट दोरा जातो. तसा नसेल तर ब्रेड मनाला येईल तिथे तुटते आणि तीस-चाळीस मीटर लाइन नदीत राहते. मग त्यात पाणकावळा अडकतो, ढोकरी अडकते. नायलॉनच्या मांज्याने आकाशात जे होतं तेच इथे पाण्यात.

पायरी १: काय घ्यायचं

सुरुवातीला २५०० किंवा ३००० आकाराचं स्पिनिंग रीळ आणि सहा-सात फुटांची दोन तुकड्यांची रॉड. दोन तुकड्यांची अशासाठी की सकाळच्या लोकलमध्ये अखंड रॉड घेऊन चढणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर एकदा अनुभवली की पुरे.

ब्रेड २० पौंडांची, म्हणजे साधारण ९ किलो ताणाची, दीडशे मीटर. डब्यावर पौंडाशेजारी “पीई” असा जपानी पद्धतीचा आकडा असतो, तो जाडीचा. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिलिमीटर, पीई १.५ म्हणजे ०.२० च्या आसपास. खरेदी करताना पौंडापेक्षा या आकड्यावर जास्त भरवसा ठेवा. स्वस्त लाइनवर पौंड फुगवून छापलेले मी बरेच पाहिलेत. चार पदरी आणि आठ पदरी यांत नवख्याने चार पदरी घ्यावी. फेकताना किंचित आवाज करते, पण साधारणपणे तिचे पदर जाडसर असतात आणि दगडाला थोडे जास्त टिकतात.

लीडरसाठी पहिल्या दिवशी फ्लुओरोकार्बनच्या मागे लागू नका. १२ किंवा १५ पौंडांच्या चांगल्या तंगुसाचं एक छोटं रीळ घ्या. त्यातून पंचवीस-तीस लीडर निघतात, गाठ बांधायला सोपा जातो, आणि शिकताना निम्मा कचऱ्यात जाणार आहे हे गृहीत धरा.

पायरी २: रीळ भरणं

ब्रेड थेट रिकाम्या रिळाला बांधली तर सगळी लाइन एका गठ्ठ्यात गोल फिरते. बाहेरून वाटतं ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) बिघडला. आधी पंधरा-वीस मीटर तंगूस गुंडाळा, त्याच्या टोकाला ब्रेड जोडा (गाठ पुढे सांगतो तीच) आणि मग भरा. तंगूस नसेल तर रिळाच्या गाभ्यावर चिकटपट्टीचा एक वेढा दिला तरी चालतं. भरताना लाइन ओल्या फडक्यातून चिमटीत धरून ताठ येऊ द्या. सैल भरलेली ब्रेड पुढे स्वतःच्याच थरांत रुतून बसते. रिळाच्या कडेपासून दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडा.

पायरी ३: कोणत्या माशाला कोणता लीडर

चिलापीसाठी ६ ते ८ पौंड पुरे, तीनेक फूट.

रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी पीठ, पाव किंवा शेंगदाण्याची पेंड लावून तळाशी बसायचं असेल तर १२ ते १५ पौंडांचा तंगूस, चार-पाच फूट. इथे तंगूसच, कारण तो ताणला जातो. मासा शेवटची धाव काठाजवळ घेतो, तेव्हा समोर पाच-सहा मीटरच लाइन असते आणि ब्रेड काहीच सोसत नाही. त्या क्षणी लीडरची ती वीतभर लवचिकता मासा आणि तुमच्यामध्ये उभी असते.

मरळ हा वेगळा विषय. तो राहतो पाणवनस्पतींच्या गिचमिडीत, कमळाच्या पानांखाली, जलपर्णीच्या कडेला. तिथे रबरी बेडूक टाकून मरळ काढताना ब्रेडच कामाला येते, कारण ती देठ कापत बाहेर पडते. अनुभवी लोक तिथे ४० पौंडांची ब्रेड थेट बेडकाला बांधतात, लीडरच लावत नाहीत. म्हणजे या लेखाचं शीर्षक मरळीपुढे हरतं. दात टोचतात असं वाटलं तर फूटभर ४० पौंडांचा जाड तंगूस लावा. या एका ठिकाणी लीडर ब्रेडच्या तोडीचा ठेवावा लागतो, कारण बारीक लीडरने गवतातून मरळ ओढता येत नाही. फ्लुओरोकार्बन मात्र इथे नको. तो बुडतो आणि बेडकाचं तोंड खाली ओढतो.

शिवड्याच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही. त्याला वीतभर तारेचा लीडर लागतो. पण नवख्याने शिवड्याच्या मागे लागू नये असं मला वाटतं, आणि चुकून लागलाच तर सोडून द्यावा. जागतिक पातळीवर तो ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) माशांत गणला जातो.

पायरी ४: गाठ

इथे घाई करू नका. ब्रेड आणि लीडर जोडणारी गाठ हाच सगळ्या साखळीतला कच्चा दुवा. मी पहिले पंधरा दिवस खिडकीच्या ग्रिलला लीडर अडकवून, चहा पीत, गाठी मारत बसायचो. नदीवर वाऱ्यात, ओल्या हातांनी शिकायला जाल तर रडकुंडीला याल.

सुरुवात दुहेरी युनी गाठीने करा. अशी:

१. ब्रेडचं टोक आणि लीडरचं टोक समोरासमोरून आणा आणि दोन्ही आठेक इंच एकमेकांवर समांतर ठेवा.

२. ब्रेडचं मोकळं टोक उलट वळवा, म्हणजे एक मोठा फासा तयार होईल. आता ते टोक फाशाच्या आतून, दोन्ही दोऱ्यांना धरून, गोल गोल गुंडाळा. आठ वेढे. तंगुसाला चार पुरतात, पण ब्रेड घसरते म्हणून दुप्पट.

३. जागा थुंकीने ओली करा आणि ब्रेडचं टोक हळू ओढून वेढे जवळ आणा. पूर्ण आवळू नका.

४. हेच दुसऱ्या बाजूने लीडरच्या टोकाने करा, चार वेढे. लीडर जाड असेल तर तीन.

५. पुन्हा ओली करा. आता ब्रेडची लांब बाजू आणि लीडरची लांब बाजू सावकाश विरुद्ध दिशांना ओढा. दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतील. मग दोन्ही मोकळी टोकं ओढून घट्ट करा.

६. लीडरचं टोक अगदी मुळाशी कापा. ब्रेडचं मात्र दोन-तीन मिलिमीटर सोडा.

थुंकी हा विनोद नाही. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते, आणि ब्रेडचं पॉलिएथिलीन दीडशे अंशांच्या आतच वितळतं. तसा तापलेला तंतू डोळ्याला दिसत नाही, मासा लागल्यावर कळतो.

परीक्षा घ्यायला ब्रेड एका काडीला तीन-चार वेढे देऊन धरा, लीडर ग्रिलला, आणि जोर लावा. बोटाला गुंडाळून ओढू नका. ब्रेड चामडी कापते. माझ्या उजव्या तर्जनीवर अजून पांढरी रेघ आहे. गाठ घसरली तर वेढे कमी पडलेत किंवा वेढे एकावर एक चढलेत. लीडर गाठीपाशी तुटला तर कोरडी आवळलीत.

हात बसला की एफजी नावाची गाठ शिका. तिच्यात लीडरला गाठच नसते; ताणून धरलेली ब्रेड लीडरभोवती एकदा वरून, एकदा खालून, वेणी घातल्यासारखी अठरा-वीस वेळा गुंफायची आणि वर अर्ध्या गाठींनी कुलूप लावायचं. ती बारीक असते, रॉडच्या कड्यांतून न अडखळता जाते. पण लिहून शिकवायची गाठ ती नव्हे, कोणाचे तरी हात बघूनच जमते.

गळाच्या बाजूला पालोमर गाठ बांधा. लीडर दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवा, त्या दुहेरी दोऱ्याची एक साधी सैल गाठ मारा, पुढे आलेल्या फाशातून अख्खा गळ काढा, ओलं करा, आवळा. हीच गाठ थेट ब्रेडलाही चालते.

पायरी ५: लांबी आणि फेक

दुहेरी युनीची गाठ जाडसर असते. फेकताना ती रॉडच्या आत, कड्यांखाली असेल तर प्रत्येक फेकीला खट्कन आदळते, फेक आखडते आणि गाठही खराब होते. म्हणून लीडर इतकाच ठेवा की फेकायच्या तयारीत गाठ रॉडच्या शेवटच्या कड्याबाहेर लोंबेल. तीन ते पाच फूट. एफजी बांधता आली की सहा-सात फूट ठेवायला हरकत नाही.

फेकल्यावर रिळाची तार (फेकताना उघडतो ती अर्धगोल कडी) हाताने बंद करा, हँडल फिरवून नाही, आणि गुंडाळण्याआधी दोरा एकदा ताठ ओढा. ब्रेडचे निम्मे गुंते या एका सवयीने जातात. वारा असेल तर जास्तच.

पायरी ६: ड्रॅग

माशाने जोर लावला की रिळाने लाइन सोडायला हवी. किती जोरावर, ते साखळीतल्या सगळ्यात कच्च्या दुव्यावरून ठरवा. १५ पौंडांचा लीडर म्हणजे ६.८ किलो, त्याच्या चौथ्या हिश्श्याला, पावणेदोन किलोच्या आसपास, रीळ सुटलं पाहिजे. सामान तोलायचा हुकवाला छोटा काटा लाइनला अडकवून ओढा आणि बघा. नवखा माणूस ड्रॅग नेहमी जास्त आवळतो. आणि ब्रेड ताणली जात नसल्याने ही चूक तंगुसाच्या दिवसांपेक्षा महाग पडते.

गळ अडकला तर

अडकणारच. रॉड वाकवून हिसके देऊ नका, रॉड मोडते. रॉड सरळ अडकल्या जागेकडे रोखा, ब्रेड एका काठीला गुंडाळा आणि मागे चालत जा. लीडर कमी ताकदीचा असेल तर गळाशी किंवा जोडगाठीशी तुटेल. दोऱ्याला वजन म्हणून लावलेलं शिसं उसळून तोंडावर येऊ शकतं, म्हणून तोंड फिरवून ओढा. मी चष्मा घालतो म्हणून वाचलो.

कुठे जायचं, कुठे नाही

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण प्रत्येक तलाव गळ टाकण्यासाठी नाही. काहींना मासेमारीचा ठेका दिलेला असतो, काहींवर सरळ मनाईचा फलक असतो. आधी विचारा. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथले ओढे सोडून द्या. तानसा, मोडक सागर ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची धरणं, तिथेही नाही.

राहतात नद्या. कसाऱ्याच्या लोकलने टिटवाळ्याला काळू, पुढे खडवलीला भातसा. कर्जतच्या लोकलने बदलापूर, वांगणीला उल्हास. खडवलीची गोष्ट लक्षात ठेवा: वर भातसा धरण आहे आणि मुंबईसाठी सोडलेलं पाणी याच पात्रातून येतं, त्यामुळे वर एक ढग नसतानाही पाण्याची पातळी बदलू शकते. डोहात लोक बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. गळ काढायला पाण्यात उतरू नका, लीडर लावलाय तो त्यासाठीच. उल्हास किती चढते हे २७ जुलै २०१९ ला अख्ख्या देशाने पाहिलं, जेव्हा बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती.

पावसाच्या पहिल्या महिन्यात तर जाऊच नका. चढणीचे मासे खाण्यात मजा आहे हे मान्य, मीही खाल्लेत. पण तो मासा अंडी घालायला वर चाललेला असतो. ऑक्टोबर ते मे एवढा काळ शिकायला भरपूर आहे.

शेवटची पाच मिनिटं

प्रत्येक मासा निघाल्यावर आणि प्रत्येक वेळी गळ दगडातून सुटल्यावर लीडरचे शेवटचे दोन फूट अंगठ्याच्या नखावरून ओढा. खरखर लागली, पांढुरका डाग दिसला, की तेवढा तुकडा कापा आणि गळ पुन्हा बांधा. कंटाळा येतो, “पुढच्या माशानंतर बघू” असं वाटतं. माझे दोन मोठे मासे नेमके त्याच पुढच्या माशाच्या नावाने गेलेत. लीडर दीड फुटावर आला की अख्खा बदला. ब्रेडचीही शेवटची दोन-तीन फूट गाठीजवळ केसाळ झाली असतील तर कापून नवी जोडगाठ मारा.

कापलेले तुकडे खिशात टाकू नका, धुण्याच्या यंत्रात जातात आणि घरचे बोलणी देतात. मी पाण्याची रिकामी बाटली ठेवतो, तुकडे तिच्यात कोंबून झाकण लावतो. काठावर सापडलेला दुसऱ्याचा दोराही त्याच बाटलीत. परवा खडवलीहून परतताना बाटली निम्मी भरली होती, त्यातला माझा तंगूस जेमतेम हातभर.